तबकडीचा जुना फोन: धूळ झटकण्यापासून पुन्हा घंटी वाजेपर्यंत

खानदेशात तबकडीचा जुना फोन हाती लागतो तो बहुधा आडत दुकानाच्या गादीशेजारी, जिनिंगच्या ऑफिसातल्या कपाटावर, नाहीतर वाड्याच्या माळ्यावर पोत्यात गुंडाळलेला. प्रत्येक ठिकाणची घाण वेगळी, आणि ती काढायची रीतही वेगळी. आडतीवरच्या फोनला वर्षानुवर्षांच्या लक्ष्मीपूजनाची हळद-कुंकू आणि उदबत्तीचा चिकट धूर बसलेला असतो. जिनिंगच्या फोनमध्ये रुईचे तंतू शिरलेले असतात. माळ्यावरच्या फोनच्या भोकांत कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं असतं आणि आतला कागद कसरीने खाल्लेला असतो. म्हणून फोन हातात आल्या आल्या ओलं फडकं फिरवू नका. आधी तो कशाचा बनलाय ते ओळखा, मग चालू आहे का ते तपासा, आणि नंतर साबणाला हात लावा. बरेचसे फोन खराब होतात ते याच क्रमात चूक झाल्यामुळे.

फोन कशाचा आहे?

काळा, जड, काठावर टिचकी मारली की टणक आवाज देणारा फोन बॅकेलाइटचा. खात्री करायची असेल तर तळाच्या आतल्या बाजूला अंगठा जोरात घासून गरम करा आणि लगेच वास घ्या. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या फॉर्मेलिनसारखा उग्र वास आला की बॅकेलाइट नक्की. पांढरट, हस्तिदंती, लाल, हिरवा किंवा करडा आणि हाताला हलका फोन असेल तर तो एबीएस प्लास्टिकचा. तबकडीची बोटं घालायची चकती मात्र दोन्ही प्रकारांत वेगळ्या वस्तूची असू शकते. धातूची असेल तर चिंता नाही. पारदर्शक असेल तर ती अ‍ॅक्रिलिकची धरून चाला. हा फरक पुढे फार महत्त्वाचा आहे.

आपल्याकडचे बहुतेक फोन बेंगळुरूच्या आयटीआयचे, म्हणजे १९४८ साली सुरू झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचे. त्यांचा मूळ आराखडा ब्रिटिश. तळाला किंवा रिसिव्हरच्या दांड्यावर ‘पी अँड टी’चा शिक्का असेल तर फोन पोस्ट आणि तार खात्याच्या काळातला. दूरसंचार खातं १९८५ मध्ये वेगळं झालं, त्यामुळे असा फोन त्याआधीचा समजायला हरकत नाही. हा शिक्का, आतला अनुक्रमांक आणि तळाला चिकटवलेली वायरिंगची कागदी आकृती यांना पॉलिश, पाणी, स्पिरिट काहीही लावायचं नाही. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकायची आणि त्यावर कागदी टेप लावून ठेवायची.

भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात भंगारात कधी तबकडी नसलेला, बाजूला हँडल असलेला फोनही सापडतो. तो मॅग्नेटो पद्धतीचा. त्याला स्वतःची बॅटरी लागते आणि आजच्या लाइनवर तो चालत नाही. त्याचं हँडल फिरवताना उघड्या तारांना बोट लागलं तर चांगलाच झटका बसतो. त्याची पेटी साफ करायला इथली रीत चालेल, आतली दुरुस्ती मात्र वेगळी आहे.

पाणी लावण्याआधी मीटर लावा

चारशे-पाचशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. फोनची लाइनची वायर सॉकेटमधून पूर्ण काढलेली हवी. लाइनवर फोन ठेवलेला असताना सुमारे ४८ व्होल्ट डीसी असतो आणि घंटी वाजताना ७५ ते ९० व्होल्टच्या आसपास एसी येतो. घंटीच्या वेळी स्क्रूला हात असेल तर झटका बसतो. पावसाळ्यात, विजा चमकत असताना, उघडा फोन लाइनला जोडून काम करायचंच नाही.

आता लाइनच्या दोन टोकांवर ओहम मोजा. रिसिव्हर जागेवर ठेवलेला असताना मीटरचा आकडा क्षणभर हलून मग ‘ओपन’, म्हणजे वाट तुटलेली, दाखवायला हवी. घंटीच्या वाटेत कपॅसिटर असतो, तो डीसी अडवतो. आकडा कुठेतरी स्थिर थांबला तर कपॅसिटर गळतोय किंवा हुकचे संपर्क (रिसिव्हर ठेवला-उचलला की उघडमीट होणारी धातूची पाती) चिकटलेत. असा फोन जोडला की एक्स्चेंजला वाटतं रिसिव्हर उचललेलाच आहे, आणि लाइन कायम गुंतलेली राहते.

रिसिव्हर उचलला की साधारण शंभर ते चारशे ओहम यायला हवेत. मायक्रोफोनमध्ये हलकी फुंकर मारा: आकडा थरथरला तर कार्बनचा मायक्रोफोन जिवंत आहे. उचलूनही ओपनच दाखवत असेल तर हुकचे संपर्क, तबकडीचे संपर्क किंवा वायर, यांपैकी एक जण गुन्हेगार. शेवटी रिसिव्हर उचललेला ठेवून तबकडीवर हळूच शून्य फिरवून सोडा. परत येताना आकडा दहा वेळा तुटायला हवा. डिजिटल मीटर इतक्या वेगाने आकडे दाखवू शकत नाही, पण तो नाचतोय एवढं कळतं. मीटरची बझरची सोय त्या ओहमांवरही वाजत असेल तर कानानेही अंदाज येतो.

हे सगळं एका कागदावर लिहून ठेवा. साफसफाईनंतर फोन बंद पडला तर दोष जुना की आपण केलेला, हे याच कागदावरून कळतं.

उघडताना

तळाचे स्क्रू सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, आणि प्रत्येक वायर सोडवण्याआधी पुन्हा काढा. जुन्या वायरींचे रंग मळून एकसारखे दिसतात. लाल तपकिरी होतो, पांढरा आणि हिरवा ओळखू येत नाही. म्हणून फोटोवर भरवसा न ठेवता वायरीच्या टोकाला कागदी टेपची चिठ्ठी लावून त्यावर टर्मिनलचा आकडा लिहा.

ब्रिटिश आराखड्याच्या फोनमधले स्क्रू बीए, म्हणजे ब्रिटिश असोसिएशन या जुन्या ब्रिटिश मापाच्या, आट्यांचे असतात. हार्डवेअरच्या दुकानातला मिलिमीटरचा स्क्रू त्यात सुरुवातीला बसल्यासारखा वाटतो आणि दोन वेढ्यांनंतर आटे खातो. म्हणून एकही स्क्रू हरवू देऊ नका. बर्फाच्या ट्रेच्या खणांत काढलेल्या क्रमाने ठेवा. गंजून बसलेल्या स्क्रूवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर ठेवा. पेचकस खाचेत घट्ट बसणारा हवा, नाहीतर खाच मरते आणि मग ड्रिलशिवाय गत्यंतर राहत नाही.

रिसिव्हरची दोन्ही टोकं, कानाची आणि बोलायची, आट्यांची झाकणं असतात. वर्षानुवर्षे न उघडल्याने ती जाम होतात. पक्कड लावली तर बॅकेलाइटचा टवका उडालाच म्हणून समजा. सायकलच्या जुन्या ट्यूबचा चार बोटं रुंद तुकडा झाकणाभोवती गुंडाळा, पूर्ण तळव्याने पकडा आणि एकसारखा जोर लावून फिरवा. नाही सुटलं तर आट्यांच्या फटीत स्पिरिटमध्ये बुडवलेला ब्रश फिरवून दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा करा. तिथे साचलेली थुंकी, तंबाखू आणि धूळ हाच बहुतेकदा डिंक झालेला असतो.

हळद आधी, साबण नंतर

लक्ष्मीपूजनाचा किंवा दसऱ्याच्या पूजेचा फोन हस्तिदंती रंगाचा असेल तर ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. हळदीला साबणाचं पाणी लागलं की ती लाल होते. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात, त्याचीच ही रसायनविद्या. पिवळा डाग साबणाने घासला तर विटकरी होतो आणि पसरतो. त्यामुळे हळदीवर आधी स्पिरिट.

आयसोप्रोपिल अल्कोहोल जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी मोबाईल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. न मिळालं तर मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट चालेल. हाताचं सॅनिटायझर नको. त्यातलं ग्लिसरीन मागे चिकट थर सोडतं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून पिळा, डागाच्या कडेकडून मध्याकडे एकदाच पुसा आणि बोळा टाकून द्या. तोच बोळा परत फिरवला तर हळद दुसरीकडे लागते. एका डागाला दहा-पंधरा बोळे सहज लागतात. तरीही फिकट पिवळी छटा राहिली तर घाबरू नका. हळदीचा रंग उन्हात उडतो. कवच मोकळं करून दोन-तीन दिवस सकाळच्या उन्हात ठेवा.

पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या चकतीला मात्र स्पिरिटचा थेंबही लावू नका. अ‍ॅक्रिलिकला अल्कोहोल लागलं की आत केसासारख्या बारीक भेगा पडतात, आणि त्या कशानेही जात नाहीत. तिला फक्त कोमट पाणी, सौम्य साबण आणि बोट. तिच्यावरची हळद उन्हाच्या भरवशावर सोडायची. तबकडीखालच्या छापील आकड्यांवरही स्पिरिट जपून. आधी एका कोपऱ्यात टोक लावून रंग सुटतो का ते पाहा.

बॅकेलाइटची धुलाई आणि चमक

बॅकेलाइटच्या राळेत लाकडाचा भुसा किंवा तसलाच भराव असतो. वरचा थर पातळ, पण राळेने भरलेला आणि गुळगुळीत. तो शाबूत आहे तोवर पाणी आत जात नाही. उन्हाने आणि वयाने तो थर निस्तेज झाला किंवा कुणी खरबरीत पेपरने घासला, की भराव उघडा पडतो, पाणी पितो आणि फोन कायमचा मातकट दिसतो. म्हणून बादलीत बुडवून ठेवायचं नाही. आतलं सगळं यंत्र काढलेलं रिकामं कवच घ्या, कोमट पाण्यात दोन थेंब भांड्यांचा लिक्विड साबण किंवा रात्रभर भिजवलेल्या चार-पाच रिठ्यांचं गाळलेलं पाणी घ्या, आणि जुन्या मऊ टूथब्रशने पाच मिनिटांत काम उरका. कोपऱ्यांतल्या मळासाठी बांबूची काडी. धातूची सुई वापरू नका.

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं. त्याने धुऊन तसंच वाळवलं तर काळ्या बॅकेलाइटवर पांढरे ठिपके उमटतात. शेवटचं पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वापरा. अर्धा लिटर पुरे. लगेच सुती फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा.

आता चमक. गाडीच्या रंगाच्या दुकानात बारीक रबिंग कंपाउंड मिळतं, किंवा पितळ घासायचं ब्रासो. वाटाण्याएवढं घेऊन, मऊ सुती फडक्याने, तळहाताएवढ्या भागावर लहान गोल फिरवत दोन-तीन मिनिटं घासा आणि कोरड्या फडक्याने पुसा. फडक्यावर तपकिरी डाग उमटतील. वरचा मेलेला थर सुटतोय, घाबरण्यासारखं काही नाही. आतून काळा, ओलसर दिसणारा पृष्ठभाग वर येईपर्यंत करा आणि थांबा. खोल ओरखडा असेल तरच २००० नंबरचा वॉटर पेपर, तोही पाण्यात भिजवून. कोरडं घासायचं नाही: काही जुन्या बॅकेलाइटमध्ये भराव म्हणून अ‍ॅस्बेस्टॉसही वापरलेलं असे आणि ती धूळ फुप्फुसात जाता कामा नये. ओरखडा उरला तर उरू द्या. अर्ध्या शतकाच्या वापराचा फोन आरशासारखा गुळगुळीत झाला की त्याचा शिक्काही झिजलेला असतो आणि धारही.

शेवटी रंगहीन मेण: गाडीचं कार्नुबा वॅक्स किंवा न्यूट्रल बूट पॉलिश, अगदी पातळ, अर्ध्या तासाने पुसून टाकायचं. काळं बूट पॉलिश लावलेला फोन पहिल्या दिवशी सुंदर दिसतो आणि बोलणाऱ्याच्या गालाला लागतो. खोबरेल लावून चमकवण्याची सवयही सोडा. त्यावर आठवडाभरात काळ्या मातीची धूळ बसते.

टवका उडालेला असेल आणि तुकडा हातात असेल तर अरल्डाइटमध्ये दिव्याची कोरडी काजळी चिमूटभर मिसळून चिकटवा. पाच मिनिटांवालं नको, सावकाश धरणारं घ्या आणि चोवीस तास हलवू नका.

पिवळं पडलेलं प्लास्टिक

पांढरट किंवा करडं एबीएस पिवळं पडलं असेल तर ब्युटी पार्लरच्या सामानाच्या दुकानातलं १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम, म्हणजे ‘४० व्हॉल्यूम डेव्हलपर’, उपयोगी पडतं. हातमोजे आणि चष्मा घाला. हे क्रीम कातडी भाजतं. स्वच्छ, कोरड्या कवचाला ब्रशने एकसारखा जाड थर लावा, वर स्वयंपाकाची पारदर्शक फिल्म गुंडाळा आणि उन्हात ठेवा. दर वीस-तीस मिनिटांनी फिल्मवरून बोट फिरवून क्रीम सारखं करा आणि कवचाची बाजू बदला. दोन ते चार तासांनी धुऊन पाहा. गरज वाटली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

यात बिघडतं ते क्रीम वाळल्यामुळे. जिथे वाळतं तिथे पांढरे पट्टे उठतात आणि ते परत घालवता येत नाहीत. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ वर जातो, गच्चीचा स्लॅब त्याहून तापतो, आणि फिल्मखालचं क्रीम अर्ध्या तासात सुकून कवचही वाकडं होऊ शकतं. हे काम दिवाळीनंतर ते होळीपर्यंतच्या दिवसांत, सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान करावं. लाल-हिरव्या फोनवर हा प्रयोग नको, रंग फिका पडतो. बॅकेलाइटवर तर मुळीच नको.

तबकडी: फोनचं घड्याळ

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तबकडी फिरवून सोडली की आतली स्प्रिंग तिला परत आणते आणि परतीच्या वाटेवर एक संपर्क ठरावीक वेळा तुटतो: एकला एकदा, पाचला पाचदा, शून्याला दहादा. हा वेग सेकंदाला दहा, आणि एक्स्चेंज नऊ ते अकरापर्यंत सांभाळून घेतं. वेग राखतो तो गव्हर्नर: एका बारीक दांडीवर दोन छोटी वजनं, दांडी वेगाने फिरली की ती बाहेर फाकतात आणि भोवतीच्या वाटीला घासून ब्रेक लावतात. तबकडी परत येताना जो ‘घर्र’ आवाज येतो तो याचाच.

तबकडी पेटीला तीन स्क्रूंनी किंवा आवळपट्टीने धरलेली असते. ती मागून सोडवून पालथी करा, पण मुख्य स्प्रिंगचा डबा उघडू नका. स्प्रिंग सुटली तर तिला पुन्हा योग्य वेढे देऊन बसवणं हे सरावाचं काम आहे.

भिंग घेऊन गव्हर्नरची दांडी पाहा. जिनिंग किंवा सरकीच्या गोदामातल्या फोनमध्ये तिथे रुईचा तंतू दोऱ्यासारखा वेढे घेऊन बसलेला दिसेल, तेलाने काळा झालेला, दांडीच्या टोकाशी खाचेत घट्ट. वरून ब्रश फिरवला तर तो निघत नाही, उलट आत दाबला जातो. घड्याळजीचा बारीक चिमटा घ्या, तंतूचं मोकळं टोक शोधा, आणि एका हाताने तबकडी हळूहळू परत येऊ देत दुसऱ्या हाताने तो उलगडत काढा. निम्म्या ‘मंद’ तबकड्या एवढ्याने सुधारतात.

मंदपणाचं दुसरं कारण चुकीचं तेल. आवाज येतो म्हणून कुणीतरी कधीकाळी खोबरेल सोडलेलं असतं. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठतं. खानदेशात उन्हाळ्यात अशी तबकडी बरी चालते आणि पौषातल्या थंडीत सकाळी रांगते. असं तेल आणि जुनं घट्ट झालेलं ग्रीस स्पिरिटमध्ये भिजवलेल्या बारीक ब्रशने काढा, ब्रश दर वेळी पुसत. आकड्यांच्या चकतीवर आणि अ‍ॅक्रिलिकवर ओघळ जाऊ देऊ नका. पूर्ण वाळल्यावर शिलाई मशीनचं पातळ तेल सुईच्या टोकावर घेऊन गव्हर्नरच्या दांडीच्या दोन्ही टोकांना, आणि तबकडीच्या मुख्य दांडीला, प्रत्येकी अर्धा थेंब. गव्हर्नरच्या वाटीत आणि वजनांवर तेल गेलं की ब्रेक घसरतो आणि तबकडी सुसाट परत येते. तसं झालं तर वाटी स्पिरिटच्या बोळ्याने कोरडी करा. गंज सोडवायचा फवारा तबकडीत मारायचा नाही. तो वाटीतही जातो, संपर्कांवरही, आणि धूळ धरतो.

आता संपर्क. तुटणारा संपर्क जाग्यावर असताना मिटलेला असतो आणि लाइन त्याच्यातूनच जाते, त्यामुळे तो मळला की रिसिव्हर उचलूनही डायल टोन येत नाही. थोडा मळला असेल तर टोन येतो आणि नंबर चुकीचे लागतात. लग्नपत्रिकेच्या जाड गुळगुळीत कागदाची बोटभर पट्टी कापा, स्पिरिटमध्ये टोक बुडवा, दोन पात्यांमध्ये सरकवा आणि पाती हलक्या बोटाने मिटवून पट्टी ओढून घ्या. पट्टीवर काळी रेघ उमटेल. रेघ येणं थांबेपर्यंत नवी पट्टी घ्या, शेवटची कोरडी. पॉलिश पेपर किंवा कानस लावू नका: संपर्काच्या टिकल्यांचा लहानसा पृष्ठभाग खडबडीत झाला की तिथे ठिणगी पडून तो लवकर जळतो. पाती वाकवूही नका.

शेजारी दुसरी जोडी असते, तबकडी हलली की मिटणारी. नंबर फिरवताना कानात खटखट ऐकू येऊ नये म्हणून ती रिसिव्हरला बाजूला करते. कानात ठोके ऐकू येत असतील तर ती मळलेली. नंबर फिरवून झाल्यावर समोरचा ऐकूच येत नसेल तर ती चिकटून राहिलेली. तिलाही कागदाची पट्टी.

वेग तपासायला मोबाईल पुरतो. तबकडीजवळ मोबाईल ठेवून शून्य फिरवा, आवाज रेकॉर्ड करा आणि ध्वनी संपादनाच्या कोणत्याही अ‍ॅपमध्ये त्याची लहर पाहा. दहा टोकं दिसतील. पहिल्यापासून दहाव्यापर्यंत नऊ अंतरं, म्हणजे ०.९ सेकंद यायला हवेत. ०.८२ ते १ सेकंदाच्या आत असेल तर काहीही छेडू नका. एक सेकंदाहून जास्त आणि शेवटची अंतरं पहिल्यांपेक्षा लांबत जात असतील तर अजून मळ आहे किंवा स्प्रिंग थकली आहे. सगळी अंतरं सारखी, पण वेग चुकीचा, तेव्हाच गव्हर्नरच्या वजनांच्या स्प्रिंगला हात लावायचा, तोही केसभर वाकवून, दर वेळी पुन्हा मोजत. आणि वापरताना बोटाने ढकलून तबकडी परत आणायची नाही. ठोके विस्कटतात आणि गव्हर्नरचे दाते झिजतात.

मायक्रोफोन, हुक, घंटी

कार्बनच्या मायक्रोफोनमध्ये काळे दाणे असतात. पावसाळ्याची दमट हवा खाऊन ते एकमेकांना चिकटतात आणि तुमचा आवाज पलीकडे विहिरीतून आल्यासारखा जातो. डबी बाहेर काढा, फिरवत फिरवत तळहातावर वीस-पंचवीस वेळा हलके आपटा. बहुतेक वेळा एवढ्याने आवाज मोकळा होतो. डबी फोडू नका, पाणी-स्पिरिट आत जाऊ देऊ नका. जाळी फक्त ओलसर बोळ्याने पुसा. मेलेल्या डबीच्या जागी दुसऱ्या जुन्या फोनची डबी बसवणं सगळ्यात सरळ.

हुकच्या पात्यांनाही तीच कागदाची पट्टी. क्रेडलच्या दांड्या खाली-वर अडखळत असतील तर भोकांतला मळ काढा. तेल लावू नका.

घंटीच्या दोन वाट्या असतात आणि त्यांची भोकं मुद्दाम किंचित बाजूला पाडलेली असतात. स्क्रू सैल करून वाटी थोडी फिरवली की टोल्याचं अंतर बदलतं. टोला वाटीला टेकून राहिला तर आवाज बद्द येतो, लांब राहिला तर वाजतच नाही. वाटी कवचाला किंवा एखाद्या वायरीला लागत नाही ना, तेही पाहा. गंजाचे ठिपके अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून हलके घासले की जातात. घंटीच्या कॉइल्स मिळून बऱ्याच फोनमध्ये सुमारे १००० ओहम दाखवतात. ओपन आली तर तार तुटलेली. कॉइल ठीक असूनही घंटी वाजत नसेल तर कपॅसिटर बदला: २.२ मायक्रोफॅरड, २५० व्होल्ट, पॉलिएस्टरचा. इलेक्ट्रोलायटिक नको. जुना डबा जागेवरच ठेवून फक्त त्याच्या वायरी सोडवल्या तर फोनचं आतलं रूप टिकतं. घंटी तपासायला घरचे २३० व्होल्ट कधीही लावू नका.

वायर आणि जोडणी

सुती विणीच्या वायरीचं वरचं कापड चांगलं दिसतं, आतलं रबर मात्र वाकवलं की बिस्किटासारखं तुटतं. अशी वायर फोनमध्ये शॉर्ट करते, तिला बदलाच. कापड मजबूत असेल तर ओलसर फडक्याने पुसायचं, भिजवायचं नाही. प्लास्टिकची गुंडाळी वायर चिकट झाली असेल तर स्पिरिटने पुसून टाल्कम पावडर चोळा. आणि फोन कपाटात ठेवताना ती कवचाला टेकू देऊ नका. तिच्यातून झिरपणारं द्रव्य एबीएसवर कायमचे चरे पाडतं.

लाइनच्या दोन वायरी आरजे-११ पिनच्या मधल्या दोन पट्ट्यांना जातात. अशा साध्या फोनला उलट-सुलट जोडणीने फरक पडत नाही. जोडल्यावर क्रम असा: टोन ऐका, मग तबकडीवर कुठलाही आकडा फिरवा. टोन थांबला म्हणजे एक्स्चेंजला ठोके पोचले. मग मोबाईलवरून फोन लावून घंटी ऐका. तांब्याच्या लाइनवर हे सहसा जमतं. फायबरच्या डब्यावरच्या फोनच्या सॉकेटला मात्र ठोक्यांची भाषा बहुधा कळत नाही: येणारे फोन घेता येतात, लावता येत नाहीत. त्यासाठी मध्ये ठोक्यांचे टोन करून देणारा पल्स-टू-टोन कन्व्हर्टर बसवावा लागतो. त्या डब्याची घंटीची ताकदही बेताची असते, त्यामुळे त्यावर एकच जुना फोन ठेवा. दोन जोडले तर दोन्ही मुके राहू शकतात. ‘मराठीसाठी एक दाबा’ म्हणणाऱ्या यंत्राला तबकडीने उत्तर देता येत नाही, हेही घरच्यांना सांगून ठेवा.

राहिली तबकडीच्या मधली गोल चिठ्ठी. जुनी असेल आणि त्यावर चार-पाच आकडी नंबर असेल तर ती पाण्यापासून लांब, कागदाच्या पाकिटात फोनच्याच तळाशी ठेवा. नवी चिठ्ठी जाड कार्डाची कापा आणि पेन्सिलीने किंवा पाण्याने न पसरणाऱ्या शाईने कोडसकट नंबर लिहा: जळगावचा ०२५७, धुळ्याचा ०२५६२, नंदुरबारचा ०२५६४. शाई पूर्ण वाळल्यावरच वरची पारदर्शक चकती दाबा, नाहीतर आकडे तिच्या आतल्या बाजूला उमटतात.